नवा डबा

तौफिकनं खोका फाडला तेव्हा
थर्माकोलचे दाणे दुकानभर उडाले,
कूलरच्या वाऱ्यानं काही तर थेट
तहसीलच्या फाटकापर्यंत गेले.
"तेच मॉडेल आहे ताई," तो म्हणाला,
"फक्त पुढचं. आतून सगळं बदललेलं."
जशी सोयरीक सांगत होता:
घर तेच, मुलगा धाकटा.

बाहेरून खरंच तेच. काळं, उभट,
कपाळावर एक निळा ठिपका.
बटण दाबलं. काहीच झालं नाही.
म्हणजे झालं असणार, ऐकू आलं नाही.
जुना सुरू झाला की
शेजारच्या झेरॉक्सवाल्याला कळायचं.
गिरणीगत घरघरायचा, खोकायचा,
मग गप्प, मग पुन्हा.
तेवढ्यात माझं झाडून व्हायचं,
उदबत्ती व्हायची,
काल उरलेले कागद मोजून व्हायचे.
हा अकरा सेकंदांत तयार.
झाडू माझ्या हातात तसाच.

पाठीवर तळवा ठेवून पाहिला.
गार.
त्रेचाळीस डिग्रीच्या दुपारी
सबंध सेलूत एवढीच गार वस्तू,
आणि ती काम करत होती.
जुन्याच्या मागं एका पौषात
मांजर व्यालं होतं. तीन पिल्लं.
याच्या मागं कोण येईल व्यायला?

कीबोर्डही नवा.
जुन्यावर क नव्हता, र नव्हता, म अर्धा,
पण बोटं जायची आपोआप,
लाईट गेल्यावर माठाकडं जावं तशी.
इथं सगळी अक्षरं लख्ख, पांढरी,
म्हणून मी बघायला लागले,
आणि बघितलं की चुकलं.
'वारस' टाकायला गेले, उमटलं 'सरवा'.
गयाबाई रोडगे स्टुलावर बसून
एकेक अक्षर लावत होत्या. हसल्या.
"बरोबरच आलं की बाई,
सरवाच उरलाय माझ्या वाट्याला."
मी खोडलं.
खोडायचं बटण मात्र फार मऊ आहे.
हे त्याचं मला पहिल्यांदा आवडलं.

जुन्या फाइली उघडल्या, तर
वीस वर्षांचे अर्ज, शपथपत्रं,
कुणाच्या बारशाची पत्रिका, कुणाची भाऊबंदकी,
सगळ्यांचे कंस, टक्के आणि डॉलर झालेले.
"जुना फॉन्ट याला माहीत नाही," तौफिक म्हणाला,
"उद्या टाकतो."
असू दे. पहिल्याच दिवशी
सगळ्या गावाची भांडणं
याला तरी काहून सांगावीत?

आणि खालच्या कोपऱ्यात तारीख. बरोबर.
कुणी न सांगता.

जुना रोज सकाळी उठायचा
एक जानेवारी दोन हजार दोनला.
चार वर्षं तौफिक म्हणत होता,
"तीस रुपयांचा सेल आहे ताई, आत्ता बदलतो."
आणि मी, राहू दे रे, घाई काय.
भिंतीवरचं कॅलेंडर बघून
रोज हातानं आजचा दिवस भरायचा.
पण भरायच्या आधी मिनिटभर
दोन हजार दोन असायचं,
आणि मुंजाभाऊ बाजूच्या खुर्चीत
एका बोटानं
दुकानाचं नाव टाईप करत असायचा,
वेलांटी चुकली की माझ्याकडं बघायचा.
मग मी तारीख भरायचे.

जुन्याचे बाराशे धरले तौफिकनं.
स्कूटीवर पायांशी उभा करून नेला,
वायरी तेवढ्या लोंबत होत्या.
मी हाक मारणार होते,
पण काय म्हणून?

गयाबाईंचा कागद निघाला.
अक्षर सुरेख, समास सरळ,
प्रिंटरसुद्धा शहाण्यासारखा वागला.
त्यांनी सही केली, रो-ड-गे,
आणि थांबल्या.
"तारीख राहिली की, बाई."

दिनांकापुढं मी
नेहमीसारखी टिंबंच सोडली होती.
समोर कोपऱ्यात आजचा दिवस
तयार होता, चकाकत.
मी मान वळवून भिंतीकडं बघितलं
आणि पेनाचं टोपण काढलं.